फिलिप स्टार्क यांचं निकाल-पडताळणीचं पान: वापरून पाहिल्यावर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संख्याशास्त्र विभागातले प्राध्यापक फिलिप स्टार्क यांनी निवडणुकीचा निकाल पडताळून पाहण्यासाठी एक वेबपान बनवलं आहे आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे. नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत. मी पेशाने लेखापरीक्षक. हजारो व्हाउचरांपैकी किती तपासायची, कोणती तपासायची आणि कुठे थांबायचं, हे माझं रोजचं काम. मतपत्रिकांच्या बाबतीत हेच प्रश्न कसे सोडवतात, या उत्सुकतेपोटी मी हे पान हाताळलं आणि त्यात पुरती गुंतले.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. फेरमोजणीत सगळी मतं पुन्हा मोजतात. ती बहुतेक ठिकाणी फरक फार थोडा असेल तर आपोआप होते, नाहीतर हरलेल्या उमेदवाराने मागितली तर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात विजेत्याच्या मतांच्या अर्ध्या टक्क्याइतका किंवा त्याहून कमी फरक असेल, तर ती आपोआप लागू होते. पडताळणीला कुणी तक्रार करावी लागत नाही. निकाल बरोबर आहे याचा पुरावा हातात येईपर्यंत निवडक मतपत्रिका तपासत राहायचं, आणि पुरावा मिळाला नाही तर सगळ्या हाताने मोजायच्या. स्टार्क यांनी 2008च्या सुमारास मांडलेली ही पद्धत जोखीम-मर्यादित पडताळणी म्हणून ओळखली जाते. कोलोरॅडोने 2017 मध्ये ती राज्यभर अमलात आणली.

मी पानावर एका काल्पनिक प्रभागाचे आकडे भरले. एकूण मतपत्रिका 20,000, जिंकलेल्या उमेदवाराला 10,800, हरलेल्याला 8,800 आणि बाद 400. फरक 2,000. इथे पहिली शिस्त दिसते: या फरकाला वैध मतांनी न भागता एकूण मतपत्रिकांनी भागायचं. बाद ठरवलेल्या कागदांतही चूक दडलेली असू शकते, म्हणून त्यांना हिशेबाबाहेर ठेवत नाहीत. फरक आला 10 टक्के. जोखमीची मर्यादा 10 टक्के धरली (तिचा अर्थ पुढे सांगते) आणि कागदी मतपत्रिका वाचून मोजणाऱ्या यंत्राची नोंद व प्रत्यक्ष कागद यांत एकही तफावत सापडली नाही, तर सुमारे 48 मतपत्रिकांत काम भागतं. फक्त 48! मतपत्रिका 20,000 ऐवजी 20 लाख असत्या, तरी फरक 10 टक्केच राहिला तर आकडा जवळपास तोच राहतो. नमुना किती मोठा हवा हे मताधिक्यावर ठरतं, मतदारसंघाच्या आकारावर नाही. फरक 1 टक्क्यावर आणला की 480 लागतात, एक दशांश टक्क्यावर आणला की 4,800. तिथे सरळ सगळी मतं मोजायला बसणंच शहाणपणाचं.

म्हणूनच ठरावीक संख्येची तपासणी मला अपुरी वाटते. भारतात विधानसभा मतदारसंघामागे 5 व्हीव्हीपॅट यंत्रांतल्या (दिलेलं मत कागदावर छापणाऱ्या यंत्रांतल्या) सगळ्या चिठ्ठ्या मोजायचा नियम 2019च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला. मताधिक्य 60,000 असो की 60, पेट्या पाचच. प्रचंड फरकाला तेवढी तपासणी भरपूर होईल, पण निसटत्या फरकात ती काहीच सिद्ध करत नाही.

तफावत सापडली तर पान काय करतं, हा भाग मला सर्वांत आवडला. यंत्राने विजेत्याचं मत म्हणून नोंदवलेला कागद प्रत्यक्षात बाद निघाला, तर माझ्या प्रभागात आणखी सुमारे 14 मतपत्रिका काढाव्या लागतात. तोच कागद हरलेल्या उमेदवाराच्या मताचा निघाला, तर सुमारे 70. उलट, यंत्राने विजेत्याचंच नुकसान केलं असेल तर काम थोडं हलकं होतं. चुकीचं वजन ती निकालाला किती धक्का देते यावर ठरतं, आणि हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. तपासणाऱ्याने मध्येच ‘आता पुरे’ म्हणायची सोय नाही. माझ्या व्यवसायात ही शिस्त इतक्या काटेकोरपणे पाळलेली मी क्वचित पाहिली आहे.

आता ‘10 टक्के जोखीम’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं. निकाल चुकीचा असण्याची शक्यता 10 टक्के, असा याचा अर्थ नाही. जाहीर निकाल खरोखरच चुकीचा असेल, तर पडताळणी पूर्ण हातमोजणीपर्यंत पोचून तो दुरुस्त करण्याची शक्यता किमान 90 टक्के, असा अर्थ आहे. पानावर हे लिहिलेलं असलं तरी भाषा संख्याशास्त्राची आहे. सामान्य माणूस तिथेच अडखळतो.

कोणत्या मतपत्रिका काढायच्या हे ठरवण्यासाठी बीज-संख्या, म्हणजे सोडतीची सुरुवात करून देणारी संख्या, लागते. कोलोरॅडोत जाहीर बैठकीत दहा बाजूंचे फासे टाकून 20 अंकी संख्या बनवतात. यंत्राच्या नोंदी आणि गठ्ठ्यांची यादी (कोणत्या पेटीत किती कागद) त्याआधीच गोठवलेली असते, म्हणजे कोणता कागद तपासला जाणार हे कळल्यावर नोंद बदलता येत नाही. पान ही संख्या, स्वल्पविराम आणि सोडतीचा क्रमांक एकत्र करून त्यावर एसएचए-256 हे सूत्र चालवतं; तेच आकडे दिले की ते कुठेही तेच उत्तर देतं. मी तेच गणित दुसऱ्या साधनावर करून पाहिलं. उत्तर तंतोतंत जुळलं. हरलेल्या पक्षाचा कार्यकर्ताही घरी बसून ही यादी स्वतः काढू शकतो, कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. एखादी मतपत्रिका यादीत दोनदा आली तर बिचकू नये, निवडलेला कागद पुन्हा सोडतीत राहतो.

अडचणीही आहेत. ही पद्धत चालायची तर यंत्राने प्रत्येक मतपत्रिकेची वेगळी नोंद ठेवलेली हवी आणि ती नोंद कोणत्या कागदाची हे शोधता यायला हवं. अनेक ठिकाणी तशी सोय नसते. अशांसाठी स्टार्क यांचं दुसरं पान आहे, तिथे फक्त कागद वाचून हिशेब होतो. पण माझ्याच प्रभागात मग 48 ऐवजी सरासरी साडेचारशेहून जास्त मतपत्रिका लागतात, आणि 1 टक्का फरकाला तर एकूण मतपत्रिकांपेक्षाही जास्त. शिवाय लहान केंद्रावर प्रत्येक मतपत्रिकेची नोंद जाहीर केली तर कुणी कुणाला मत दिलं याचा अंदाज येऊ शकतो. हा प्रश्न किरकोळ नाही.

सर्वांत मोठी अट मात्र पानाच्या हाताबाहेरची आहे. गठ्ठ्यांची यादी यंत्राकडून न घेता कागद मोजून बनवलेली हवी. साठ्याच्या नोंदवहीवरूनच साठा बरोबर ठरवला तर ती तपासणीच होत नाही, तसंच हे. जॉर्जिया राज्यात 2020 साली अध्यक्षपदाच्या लढतीतला फरक इतका कमी होता की नमुना न काढता सुमारे 50 लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. तेव्हा फ्लॉइड काउंटीत 2,500हून अधिक मतपत्रिका आधी मोजल्याच गेल्या नव्हत्या, हे उघड झालं. विजेता बदलला नाही, पण ते कागद सापडले ते हाताने मोजल्यामुळे. मतदाराने न वाचलेला, यंत्राने छापलेला कागदही तितकाच कच्चा पुरावा. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या लुटुपुटुच्या मतदानात, छापील मतपत्रिकेत मुद्दाम घातलेली चूक जेमतेम 6.6 टक्के लोकांनी मतदान कर्मचाऱ्यांच्या लक्षात आणून दिली होती.

आणि अटीतटीच्या लढतीत हे पान बाजूला ठेवावंच लागतं. व्हर्जिनिया राज्याच्या 94व्या मतदारसंघात 2017 साली राज्य प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी फेरमोजणीत एका मताने निकाल फिरला. मग दोन्ही नावांपुढची वर्तुळं भरून एकावर काट मारलेली एक मतपत्रिका न्यायाधीशांनी ग्राह्य धरली आणि दोघांची मतं 11,608 अशी समान झाली. अखेर चिठ्ठी काढून जागा ठरली. अशा वेळी मतदाराच्या मनात काय होतं हे माणसांनीच समोरासमोर बसून ठरवायचं असतं. हरियाणातल्या बुआना लाखू गावची 2022ची सरपंचपदाची निवडणूक तर मतदान यंत्रांवरची होती. सर्वोच्च न्यायालयाने तिथली यंत्रं मागवून आपल्या आवारात फेरमोजणी करवली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये निकाल उलटला: 1,051 विरुद्ध 1,000. केंद्रनिहाय आकड्यांची बेरीज त्याच आठवड्यात कुणी सक्तीने पडताळली असती तर पावणेतीन वर्षं गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात: पान जुन्या वळणाचं, फक्त इंग्रजी, सगळं एका लांबलचक पट्टीत. भरलेली माहिती स्वतःकडे उतरवून ठेवावी. सरावासाठी तयार नमुना-प्रभाग दिला असता तर शिकणाऱ्यांना फार मदत झाली असती. तरीही मतमोजणी प्रतिनिधी, निवडणूक वार्ताहर आणि संख्याशास्त्र शिकवणारे शिक्षक यांना मी हे पान आग्रहाने सुचवेन. पहिल्यांदा उघडाल तेव्हा मताधिक्याच्या चौकटीत रमू नका, आधी गठ्ठ्यांच्या यादीचा भाग भरा. ती यादी तुमच्या निवडणुकीत कोण बनवतं आणि कशावरून, हे विचारल्याशिवाय पुढचा एकही आकडा टाकू नका.