हवामान ॲड-ऑन: काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः भाषा आणि ठिकाण यांच्या घोळाबद्दल

टूलबारवर तापमानाचा आकडा आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत (पॉपअपमध्ये) पुढच्या सात दिवसांचा हवामान अंदाज, एवढंच या ॲड-ऑनचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं, काम. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत वापरून झाल्यावर मत असं की अंदाज चांगला, मांडणी सुटसुटीत, पण भाषा आणि ठिकाण त्याच्यावर सोडलं की गडबड ठरलेली. अशा वेळी बहुतेक जण ॲड-ऑन काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काही फरक पडत नाही, कारण चुकीची माहिती बऱ्याचदा बाहेरून, म्हणजे ब्राउझरकडून किंवा ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेली असते.

आधी भाषा. पॉपअपमध्ये दिसणारा मजकूर तीन वेगळ्या ठिकाणांहून येतो, म्हणून बटणं मराठीत आणि पावसाचं वर्णन इंग्रजीत असं चित्र दिसतं. बटणं आणि मेन्यू ॲड-ऑनसोबतच्या भाषांतराच्या फायलींतून येतात. क्रोम आधी प्रदेशासकट नेमकी भाषा शोधतो, मग नुसती भाषा, आणि तीही नसेल तर ॲड-ऑनने ठरवलेली मूळ भाषा दाखवतो. इथे ब्राउझरची स्वतःची भाषा मोजली जाते, वेबपानांसाठीच्या पसंतीच्या भाषांची यादी नाही. त्या यादीत मराठी कितीही वर सरकवली तरी बटणं इंग्रजीच राहतात ती यामुळेच. विंडोजवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषेसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून क्रोम त्या भाषेत दाखवण्याचा पर्याय निवडायचा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. मॅक आणि लिनक्सवर क्रोम सिस्टीमचीच भाषा घेतो. फायरफॉक्समध्ये सामान्य सेटिंग्जच्या भाषा विभागात भाषेचा पॅक उतरवून घ्यावा लागतो.

‘हलका पाऊस’ यांसारखी वर्णनं कुठून येतात हे हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेवर ठरतं. ओपन-मेटिओ शब्द पाठवतच नाही, फक्त आकडे पाठवते: ० म्हणजे निरभ्र, ६१ हलका पाऊस, ९५ गडगडाटी वादळ. तिथे भाषांतर ॲड-ऑनचं, म्हणून वर्णन इंग्रजीत आलं तर दोषही ॲड-ऑनचा. ओपनवेदरमॅप मात्र मागितलेल्या भाषेत तयार वर्णन देते, आणि तिची भाषांची संक्षिप्त नावं सगळीच प्रमाण नाहीत. कोरियनला ती ‘केआर’ म्हणते, तर ब्राउझर ‘केओ’ सांगतो. चेकसाठी ‘सीझेड’, तर ब्राउझरकडे ‘सीएस’. ही नावं जुळवून घेणं ॲड-ऑनचं काम आहे. मागितलेली भाषा सेवेच्या यादीतच नसेल तर मात्र ॲड-ऑन तरी काय करणार!

खरी गंमत तिसऱ्या भागात, म्हणजे वार, तारखा आणि आकड्यांत. हे ब्राउझर स्वतः घडवतो. भाषा मराठी असली की तो मूळ ठेवणीतच देवनागरी अंक देतो. हिंदीला तसं करत नाही. आयकॉनवर ‘२९’ छान दिसतं. पण ॲड-ऑनने अक्षांश-रेखांश आधी अशा रूपात मांडून पुन्हा आकडा म्हणून वाचले, तर जावास्क्रिप्टला (ॲड-ऑन ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं असतं तिला) देवनागरी अंक कळत नाहीत आणि ‘ठिकाण सापडले नाही’ असा संदेश येतो. माणूस मग लोकेशनची परवानगी तपासत बसतो, दोष असतो भाषेत. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या जर्मन-फ्रेंचमध्ये तर संदेशही येत नाही: ‘४८,८५’ वाचताना जावास्क्रिप्ट ४८ वरच थांबतं आणि आपण सुमारे ९५ किलोमीटर दक्षिणेचं हवामान निमूटपणे पाहत राहतो. तपासायला सोपं आहे. ब्राउझरची भाषा तात्पुरती इंग्रजी करा. ठिकाण लगेच सापडलं तर हाच घोळ.

आता ठिकाण. ब्राउझर मुख्यतः आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून जागा ओळखतो. केबलवरच्या डेस्कटॉपला तो आधार नसतो, मग उरतो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा संगणकाचा क्रमांक, आणि तो अनेकदा इंटरनेट कंपनीच्या केंद्राचं शहर सांगतो. व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर आयपीवरून त्याच्या सर्व्हरचं शहर मिळतं. त्रुटीचा क्रमांक दिसत असेल तर निम्मं काम झालं: १ म्हणजे परवानगी नाकारली, २ म्हणजे जागा ठरवता आली नाही, ३ म्हणजे वेळ संपली. १ आला तर ब्राउझरसोबत सिस्टीमची परवानगीही बघा. विंडोजमध्ये डेस्कटॉप ॲप्सना लोकेशन देण्याचं वेगळं बटण आहे आणि नेमकं तेच बंद राहून जातं.

प्रवासानंतर आयकॉनवर जुन्याच गावाचं तापमान राहतं, त्याचं कारण वेगळं. क्रोमच्या ॲड-ऑनसाठीच्या मॅनिफेस्ट व्ही३ रचनेत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या भागाला, म्हणजे सर्व्हिस वर्करला, लोकेशन थेट विचारता येत नाही. हे ॲड-ऑन पॉपअप उघडल्यावरच विचारतं, म्हणून पोहोचल्यावर एकदा उघडायचं. दोन संगणकांवर एकच खातं असेल तर ॲड-ऑनच्या सेटिंग्जमधलं सिंक बंद करा, नाहीतर एकाचं ठिकाण दुसऱ्यावर जाऊन बसतं.

फायरफॉक्समध्ये तासवार आलेख काही तासांनी सरकलेला दिसला, तर अबाउट:कॉन्फिग या प्रगत सेटिंग्जच्या पानावर फिंगरप्रिंटिंग-विरोधाची (वेबसाइटना ब्राउझरच्या खुणांवरून तुम्हाला ओळखू न देणारी) सेटिंग चालू आहे का पाहा. ती ब्राउझरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, करून टाकते. फरक तुमच्या यूटीसीपासूनच्या अंतराएवढाच असेल तर दुसरं कारण शोधू नका.

तर्क करत बसण्यापेक्षा ॲड-ऑन हवामान सेवेला पाठवतं ती विनंतीच वाचावी. क्रोममध्ये पॉपअपवर राइट-क्लिक, इन्स्पेक्ट, नेटवर्क टॅब, मग रिफ्रेश. तिथे काही दिसलं नाही तर एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून सर्व्हिस वर्करच्या दुव्यातून तेच करा. फायरफॉक्समध्ये अबाउट:डीबगिंगमधून. विनंतीच्या पत्त्यात अक्षांश, रेखांश आणि भाषा बहुधा सरळ लिहिलेली असते. अक्षांश-रेखांश बरोबर आणि फक्त गावाचं नाव शेजारचं असेल तर दुर्लक्ष करा. अंदाज तुमच्याच जागेचा आहे.

माझ्या मते स्वयंचलित ठिकाण बंदच ठेवावं आणि अक्षांश-रेखांश हाताने, इंग्रजी अंकांत, टिंब देऊन भरावेत. शहराच्या नावाने शोधलं तर लंडन ओंटारिओतलंही निघतं आणि हैदराबाद सिंधमधलंही. दशांशानंतर दोन अंक पुरे: ०.०१ अंश अक्षांश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, आणि जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलचे अंदाज सहसा ०.२५ अंशांच्या चौकटीतच मिळतात. डोंगराळ भागात मात्र उंची भरायची सोय असेल तर जरूर भरा, कारण सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसचा फरक पडतो.

पाचपैकी साडेतीन तारे. ब्राउझरपेक्षा वेगळी भाषा निवडायची सोय आणि अंकांचा वेगळा पर्याय आला तर अजून एक तारा द्यायला हरकत नाही.