नाशिकची वही, तहसीलचा फेरफार की डीएनए : हरवलेली माणसं कुठे शोधावीत?

घराण्याची माहिती काढायची आहे, सुरुवात कुठून करू, असं ओळखीतलं कुणी ना कुणी मला अधूनमधून विचारतं. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ हवी असते, कुणाला मुलांसाठी सगळं एकदा लिहून ठेवायचं असतं, आणि कुणाला खरोखरच एखादं तुटलेलं माणूस शोधायचं असतं. मी आधी उलट विचारते : तुम्हाला नेमकं कोण हवंय? मूळपुरुष, भाऊबंद, की आजीच्या माहेरचं कुणीतरी हयात माणूस? वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक वाट वेगळ्या दारात नेऊन सोडते. चुकीच्या वाटेवर वर्ष निघून जातं आणि तेवढ्यात घरातलं शेवटचं माहीतगार माणूसही जातं.

मला आजोबांची बहीण शोधायची होती. घरात तिला आक्का म्हणत. १९५०च्या सुमारास ती लग्न होऊन गेली, पुढे भावाभावांत काही बिनसलं आणि जाणं-येणं बंद झालं. माझ्या वडिलांना तिच्या सासरच्या गावाचं नावही सांगता येईना. "तिकडे जतच्या बाजूला दिली होती," एवढंच.

तीर्थोपाध्यायांची वही

सगळे सांगतात म्हणून मी आधी नाशिकला गेले. तिथले तीर्थोपाध्याय यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत सांभाळतात. रामकुंडाजवळ उपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा, "मूळ गाव कोणतं?" आडनाव नंतर. यजमान कोणत्या उपाध्यायांचे हे गाव, जात, आडनाव यांवरून ठरलेलं असतं, आणि आडनावावर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मुळात वतनं. एका गावचा माणूस दुसऱ्या गावी जाऊन राहिला की पहिल्या गावाला 'कर' लावून नवं आडनाव तयार. एकाच कुळाची तीन आडनावं आपल्याकडे सहज सापडतात. वहीत पुष्कळदा जुनं उपनाव मिळतं, आणि आडनाव टाकून संगणकावर शोधणाऱ्याला जे कधीच सापडलं नसतं ते इथे एका पानावर दिसतं.

आमची वही लांबट होती, कापडात बांधलेली, पानांच्या कडा बोटं लागून लागून काळ्या पडलेल्या. मागची पानं मोडी लिपीत, मग बाळबोध म्हणजे देवनागरी, शेवटची निळ्या बॉलपेनने. पणजोबा आईच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांची सही मी पहिल्यांदा पाहिली, 'र'ची शेपटी लांब ओढलेली, माझे वडील ओढतात तशीच. खाली भावांची नावं, मुलग्यांची नावं, चुलत्यांची नावं. आईचं नाव होतं, बायकोचं होतं. मुलीचं नव्हतं.

वहीची ताकद आणि मर्यादा त्या एका पानात दिसते. पुरुषांच्या शाखेसाठी याहून खोल जाणारं साधन सामान्य घराला मिळणं कठीण; पाच-सहा पिढ्या मागे जाता येतं. शिवाय भाऊबंद सापडतात. आपल्या नोंदीच्या पुढेमागे बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला गेलेल्या शाखेतल्या कुणीतरी येऊन नोंद केलेली असते, त्या वेळच्या पत्त्यासह. अशा नोंदीवरून लोकांना अख्खी घराणी नव्याने भेटली आहेत. पण लेकी-बहिणी वहीत क्वचितच येतात. ज्या घरांची ऐपत तीर्थयात्रेची नव्हती, किंवा ज्यांना जातीमुळे घाटावर दूर ठेवलं गेलं, त्यांच्याही नोंदी फार कमी.

त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथेही अशा वह्या आहेत. घरात कुणी कुठे गेल्याची आठवण असेल तिथे विचारावं. वह्या खासगी मालकीच्या असतात, उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या की त्याही वाटल्या जातात. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, दक्षिणा मनापासून द्या, स्वतःच्या घरची ताजी नोंद करून या, आणि त्यात मुलींचीही नावं लिहा. पुढचा सिंहस्थ २०२७चा आहे. त्या गर्दीत उपाध्यायांना मान वर करायला सवड नसते, त्याच्या आधी जावं. अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने हरिद्वार वगैरे ठिकाणच्या वह्यांचं चित्रीकरण केलेलं आहे आणि ते फॅमिलीसर्चवर फुकट पाहता येतं, पण पानामागून पान चाळायची तयारी हवी. समोर बसलेल्या उपाध्यायांचं बोट जिथे दहा मिनिटांत पडतं तिथे आपल्याला महिना लागतो.

कुलवृत्तांत आणि हेळवी

तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे सगळ्या शाखांच्या वंशावळीचा ग्रंथ, छापलेला असेल तर आधी तोच मिळवा. एका संध्याकाळी काम होतं. चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, सीकेपी, सारस्वत घराण्यांत ही परंपरा मोठी आहे. मात्र तो घरोघर पत्रं पाठवून जमवलेला असतो. ज्याने उत्तर दिलं नाही त्याची शाखा तिथेच थांबते. सगळ्यांत वरच्या पिढ्या सांगोवांगीच्या असू शकतात, म्हणून त्या पेन्सिलीने उतरवून घ्याव्यात, शाईने नको.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या लोकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्याकडे हेळवी येतो का? हेळवी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ सांभाळतात, काही वर्षांनी दारात येतात, नावं वाचून दाखवतात, नवी जन्मलेली नावं घालून घेतात, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. ज्या शेतकरी घरांचा कुलवृत्तांत कधी कुणी छापला नाही त्यांच्यासाठी ही माणसं म्हणजे चालतंबोलतं दप्तर आहे.

महसुली दप्तर

माझं मत सरळ सांगते. सामान्य मराठी माणसाने, विशेषतः ज्याला हरवलेली बाई शोधायची आहे त्याने, आधी तहसीलची पायरी चढावी.

याचं कारण १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्या आधीच्या वारस नोंदीत सहसा मुलगे असतात, फार तर विधवा. १९५६नंतर बाप वारला की मुलगीही वारस, त्यामुळे तलाठ्याला तिचं नाव फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीत, घालणं आलं; आणि पुष्कळ नोंदींत तिचं सासरचं नाव आणि राहतं गावही येतं. वहीने जिला वगळलं, तिला सरकारने ओळीत आणून बसवलं.

पणजोबा १९६१ साली गेले. त्यांच्या नावाचा जुना सातबारा काढला, त्यावरच्या वर्तुळातल्या आकड्यांवरून फेरफार क्रमांक धरले आणि एकेक नक्कल मागवली. वारसाची नोंद सापडली. घरच्यांनी दिलेल्या वर्दीवरून लिहिलेली, खाली सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, सही. तीन मुलगे. चौथी ओळ : मयताची मुलगी, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, 'रा.' आणि गाव, 'ता. जत'. पहिलं नाव आम्हाला अनोळखी होतं, कारण सासरी ते बदललेलं. दोन वर्षांनी दुसरा फेरफार : बहिणीने जबाब देऊन हक्क सोडला, सबब नाव कमी केले. आमच्या घरच्या कागदात आक्का शेवटची दिसते ती तिथे. लेकींचा शेवटचा पत्ता हक्कसोडीत मिळावा हे वाचताना मला फार लागलं. पण पत्ता मिळाला, हेही तितकंच खरं.

जमीन नसलेल्यांनाही दप्तरात पुष्कळ सापडतं. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात बापाचं नाव, जात, तारीख असते. मुलाचं स्वतःचं नाव बऱ्याचदा नसतं. आक्काच्या जन्माच्या ओळीत नुसतं 'मुलगी' आहे. शाळेचं जनरल रजिस्टर तर कुणीही विसरू नये. महार वतनाच्या जमिनी ज्या घरांकडे होत्या त्यांनी १९५८च्या वतन निर्मूलन कायद्याच्या सुमाराचे कागद पाहावेत, वतनदारांची नावं घरवार येतात, आणि ज्या घरांना घाटावरच्या वहीत जागा मिळाली नाही त्यांना हा आधार मोठा आहे.

प्रदेशाप्रमाणे कागद बदलतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुनं बरंचसं मोडीत. मराठवाडा निजामाकडे होता, म्हणून तिथे उर्दू कागद आणि नंतर १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक. विदर्भात १९५४-५५चे अधिकार अभिलेख. कुणबी नोंदींचा शोध २०२३पासून जोरात सुरू झाल्यावर बरीच जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, स्कॅन झाली. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ऑनलाइनही पाहता येतात. मोडी वाचक शोधताना दोन माणसांकडून वाचून घ्या, एका काना-मात्रेने चुलता वेगळा होतो. खर्च म्हणाल तर नकलेची फी किरकोळ, जातात ते हेलपाटे. एका कार्यालयात मला चार वेळा 'उद्या या' ऐकावं लागलं. पाचव्यांदा मी नुसतं नाव न सांगता गाव, गट नंबर आणि अंदाजे साल लिहून नेलं, तेव्हा रजिस्टर अर्ध्या तासात आलं.

पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तरात जावं का? घराण्याला इनाम किंवा वतन असेल तर नक्की. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन आलं तेव्हा इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला, त्यात कैफियती आणि वंशावळी दाखल झाल्या. नसेल तर ही वाट सोडून द्या, रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, समुद्रात दिवस बुडतात.

डीएनए

परदेशातले नातेवाईक पहिला सल्ला हाच देतात. नळीत थुंकी भरायची, पाठवायची, काही आठवड्यांत यादी येते. शास्त्र पक्कं आहे. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो, पणजोबा एक असलेल्यांत साधारण ३ टक्के, त्यापुढच्या पिढीत एका टक्क्याच्याही खाली, आणि काहींत काहीच जुळत नाही. आक्काची नातवंडं आणि मी या ३ टक्क्यांत बसतो. म्हणजे चाचणीने आम्हाला जोडलं असतं, पण त्यांनीही ती केलेली असती तरच. जतजवळच्या खेड्यात ती कोण करणार?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लग्नं पिढ्यान्‌पिढ्या जातीतच झालेली, त्यात मामाची मुलगी करण्याची चाल. त्यामुळे लांबचं माणूसही चाचणीत जवळचं दिसतं. टक्का पाहून नातं ठरवायला गेलं की फसगत होते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाच्या शाखा पडताळायला चांगली, पण ती बाईला करता येत नाही, भावाला किंवा चुलतभावाला तयार करावं लागतं.

दत्तक गेलेल्यांसाठी, ज्यांच्या जन्माचा कागदच नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या नात्यातले लोक मोठ्या संख्येने अमेरिका-इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठी मात्र डीएनएसारखं दुसरं साधन नाही. नळी उघडण्याआधी घरात बोलून घ्या. बाप कोण, हा प्रश्नही तिथून बाहेर येऊ शकतो आणि तो एकट्याचा नसतो. माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार हवा : ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, आणि मार्च २०२५मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, गुणसूत्रं नाही.

समुद्रापलीकडे

मॉरिशसला गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांचे वंशज आज कोकणात गाव शोधत येतात. त्यांच्यासाठी सगळ्यांत भक्कम नोंद तिकडेच, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये : प्रत्येकाला क्रमांक, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, अंगावरच्या खुणा, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. तो क्रमांक हाती घेऊनच इकडे यावं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदींपासून सुरुवात करावी. तिथे आईचं नाव मिळतं. कुलदैवत गोव्यात असलेल्या हिंदू घरांनी देवळाकडे महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांची, यादी आहे का ते विचारावं.

एकच वाट निवडायला सांगितली तर असं म्हणेन. भाऊबंद हवेत, वही. आत्या, मावशी, बहिणी हव्यात, फेरफार. कागदच नाही, डीएनए. आणि यातलं काहीही करण्याआधी, याच रविवारी, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसून तिच्या माहेरची नावं लिहून घ्या.

शेवटची एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. महसुली कागदावरून नातेवाईक सापडले की त्यांच्या मनात पहिली शंका जमिनीची येते. त्यामुळे नकला पिशवीतच ठेवाव्यात, हातात फोटो न्यावा. आक्काच्या सासरच्या गावातल्या किराणा दुकानातून फोन नंबर मिळाला, आणि मेमध्ये मी आणि वडील गेलो. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा मुलगा, माझ्या वडिलांचा आतेभाऊ, सत्तरीचा, ओसरीवर बसला होता. नाव सांगितल्यावर काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "जमिनीचं काही निघालंय का?"

वडील म्हणाले, "नाही, तुलाच बघायला आलोय."

चहा झाला. मी नाशिकच्या पानाचा फोटो पुढे केला. त्याने चष्मा लावला, स्वतःच्या आजोबांची सही पाहिली, मग बोट एकेका नावावरून खाली नेत गेला, शेवटपर्यंत, आणि पुन्हा वर आला.

"यात आई कुठाय?"

मी पिशवीतून फेरफार काढला आणि चौथ्या ओळीवर त्याचं बोट ठेवलं.