जुन्या मिडी कीबोर्डच्या मुक्या पट्ट्या: कॉन्टॅक्ट पुसावेत की रबर बदलावे?

किनाऱ्याजवळ जुना मिडी कीबोर्ड वापरणाऱ्या प्रत्येकासमोर केव्हा ना केव्हा हा प्रश्न येतो. चार-दोन पट्ट्या मुक्या झाल्या किंवा मध्येच खेकसू लागल्या, तर वाद्य उघडून कॉन्टॅक्ट (पट्टी दाबल्यावर मिटणारे विजेचे संपर्क) पुसावेत, की पट्ट्यांखालचे रबरच नवे घालावे? मी दोन्ही करून पाहिले आहे. पुढचे मत माझ्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डपुरते आणि मालवणच्या हवेपुरते आहे. घाटावरच्या वाचकांनी त्यातून खाऱ्या हवेचा भाग वजा करावा.

मुळात दोष कॉन्टॅक्टचाच आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. कीबोर्ड संगणकाला जोडून मिडी मॉनिटर (कीबोर्डकडून येणारे संदेश आकड्यांत दाखवणारे सॉफ्टवेअर) लावावा आणि संशयित पट्टी हळू, मध्यम व जोरात दाबून पाहावी. बोटाचा जोर वाद्य थेट मोजत नाही. रबराच्या घुमटाखाली दोन संपर्क एकामागोमाग मिटतात आणि त्यांच्यामधल्या क्षणमात्र वेळावरून १ ते १२७ मधला आकडा, म्हणजेच व्हेलॉसिटी, ठरतो. त्यांपैकी एका संपर्कावर मळ बसला, तर सर्किटच्या रचनेप्रमाणे पट्टी एक तर मुकी राहते, नाही तर हळू दाबूनही १२७ वर उडी घेते. असा प्रकार विखुरलेल्या पट्ट्यांवर दिसला, तर कॉन्टॅक्टवर संशय घ्यायला हरकत नाही. मात्र दर आठवी पट्टी किंवा सलग आठांचा गट एकदम गेला असेल, तर रबराला हात लावण्याचे कारण नाही. अनेक कीबोर्डांत पट्ट्या आठ-आठच्या गटांनी तपासल्या जातात, त्यामुळे असा दोष बहुधा रिबन केबलमध्ये किंवा सोल्डरमध्ये असतो.

पुसण्याच्या बाजूने सांगायचे, तर आपल्याकडचा बिघाड बहुतेक वेळा झिजेचा नसून थराचा असतो. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेते, आणि जून ते सप्टेंबर आपण त्याच्या बरेच वर असतो. त्या ओलसर थरावर धूळ चिकटते आणि बोर्डावरचा आणि रबरातल्या काळ्या टिकलीचा, अशा कार्बनच्या दोन पृष्ठभागांमध्ये पडदा तयार होतो. (एका ओळखीच्या कीबोर्डमध्ये पालीची अंडीही निघाली होती, पण तो पावसाचा दोष म्हणता येणार नाही.) कार्बन स्वतः गंजत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला, धागे न सुटणारा कपडा बोर्डावरून आणि रबरातल्या काळ्या टिकल्यांवरून हलक्या हाताने फिरवला की काम होते. खरवडणे, पॉलिश पेपर आणि गंज सोडवणारे तेलकट स्प्रे यांना येथे जागा नाही. त्रास आहे तो रबर परत बसवण्याचा. त्याच्या बारीक खुंट्या बोर्डाच्या छिद्रांतून एकेक करून खेचाव्या किंवा ढकलाव्या लागतात, आणि एखादी अर्धवट राहिली तर तीच पट्टी पुन्हा रुसते. ढकलण्यासाठी आइस्क्रीमची लाकडी काडी उत्तम. पेन्सिल नको, कारण तिची शिशाची भुकटी स्वतःच वीज वाहून नेते आणि नको तिथे संपर्क जोडते.

नव्या रबराचा पहिला अनुभव खरोखर सुखद असतो. पट्टी लगेच बोलते, हलका स्पर्शही ऐकला जातो, आणि पुसूनही बरे न झालेले दुखणे जाते. तरीही माझा कल बदलला तो एकाच कटकटीमुळे. रबराचा एकेक तुकडा बहुधा एका सप्तकाचा असतो, पांढरी एकपासून पांढरी सातपर्यंत. जास्त वाजणारे मधले सप्तक नवे केले, तर नवे रबर ताठ आणि शेजारचे वर्षानुवर्षे दबून सैलावलेले, अशी हद्द तयार होते. काळी तीनमध्ये (म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्याला साथ करताना ही हद्द नेमकी शुद्ध मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये येते. मध्यम जुन्या रबरावर, पंचम नव्यावर. बोटांचा जोर तोच ठेवूनही पंचम दर वेळी दबका येत असे आणि जिन्यात एकच पायरी कमी उंचीची असावी तसा हात तिथे अडखळत असे. हार्मोनियमचा आवाज लावला असता हा फरक बहुतेक लपतो. पियानो किंवा संतूर लावला की उघडा पडतो. व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोराला वाद्याने किती दाद द्यावी ही सेटिंग) बदलून पाहावा, तर तो सगळ्या पट्ट्यांना सारखाच लागू होतो. काही दिवसांत नवे रबर मऊ पडेल असे जाणकार सांगतात, आणि ते खरेही असेल. माझ्या कानाला तो फरक पुढचा पावसाळा संपेपर्यंत ऐकू येत होता.

पाचही सप्तकांचे रबर एकदम बदलणाऱ्याला ही अडचण येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण जुन्या मॉडेलचा पूर्ण संच एकाच वेळी मिळणे अवघड असते, आणि मिळालाच तर कित्येकदा तेवढ्याच पैशांत वापरलेला दुसरा कीबोर्ड येतो.

म्हणून मला अधिक मानवलेला मार्ग असा: सगळे पुसून घ्यावे आणि मधल्या सप्तकाचे रबर सर्वांत खालच्या सप्तकाच्या रबराशी अदलाबदल करावे. भजन-आरतीच्या साथीत खालचे सप्तक जवळजवळ वाजतच नाही. त्याचे रबर वयाने शेजाऱ्यांइतकेच असते, पण वापराने ताजे. स्पर्श त्यामुळे फारसा तुटत नाही. सर्वांत वरच्या सप्तकाचे रबर मात्र यासाठी घेऊ नये, त्यात बहुधा तेरावी पट्टी जोडलेली असते. हे काम एप्रिल-मे महिन्यांत करावे, म्हणजे रबर साबणाच्या पाण्याने धुतले तरी सावलीत पूर्ण वाळते. कार्बनयुक्त रंग टिकल्यांवर लावण्याचा तिसरा उपाय पुष्कळ जण सुचवतात. माझ्याकडे तो दबणाऱ्या रबरावरून पापुद्र्यांनी सुटला, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

घुमट फाटले असतील किंवा काळी टिकली निघून आली असेल, तर अर्थातच नव्या रबराला पर्याय नाही. अशा वेळी निदान शेजारच्या एका सप्तकाचे रबरही सोबत मागवावे आणि नव्या-जुन्याची हद्द आपण ज्या स्वरांत सहसा वाजवतो, त्यांच्या बाहेर ढकलावी.