परदेशातल्या खेड्यात सेवा: कुटुंबात राहावं की वसतिगृहात?

सोलापुरातून नेपाळसारख्या देशात स्वयंसेवक म्हणून निघालेल्यांना हा प्रश्न पडतोच.

मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा असेल किंवा तब्येत नाजूक असेल, तर वसतिगृहच बरं. पाणी, स्वच्छतागृह, इंटरनेट आणि आजारपणात हाकेला धावणारे सोबती मिळतात.

महिनोन्महिने राहायचं असेल तर मात्र मी ठामपणे कुटुंबाच्या बाजूने आहे. नेपाळच्या डोंगरी गावात सकाळी आधी चहा, मग गुरांचा चारा, आणि पहिला डाळ-भात बऱ्याचदा दहाच्या सुमारास. बायका चाऱ्याचा डोको, म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, कपाळाला पट्टा लावून वाहतात. वसतिगृहातून नऊला निघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. मग तो बायकांची बैठक नेमकी चाऱ्याच्या वेळी ठेवतो. चुलीपाशी नाचणीचा ढिंडो, म्हणजे पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, खाताना भाषाही लवकर येते, आणि कडक भाकरीवर वाढलेल्या आपल्या पोरांना तो जड जाऊ नये!

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते तिथेच थांबले, चिनी शिकले, लोकांत मिसळले. १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. ते आजही तिथे आठवले जातात, याचं मला फार मोल वाटतं.

कुटुंबात एकांत मिळत नाही, हे खरं. त्याहून मोठी काळजी यजमानांवरच्या भाराची. म्हणून जेवणाखाण्याचे पैसे त्यांच्या हातात कधी पडतात, मुलींसाठी स्वतंत्र, कडी लागणारी खोली आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, हे निघण्याआधीच संस्थेला विचारा.