एनएसई, एस-१००बी की एनएफएल? हृदय बंद पडल्यानंतर कोणती रक्तचाचणी मागवावी

हृदय पुन्हा सुरू झालं, पण तिसऱ्या दिवशीही रुग्ण डोळे उघडत नाही. मेंदूला किती इजा झाली याचा अंदाज रक्तातून घ्यायचा, तर आयसीयूच्या डॉक्टरांपुढे मुख्यतः हे तीन पर्याय असतात. माझं मत आधीच सांगते: आज एकच चाचणी परवडत असेल तर एनएसई घ्या, पण एकदाच नव्हे, २४, ४८ आणि ७२ तासांनी.

एनएसई हे चेतापेशींमधलं एन्झाइम, पेशी मेल्या की रक्तात येतं. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ४८ किंवा ७२ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वरचा आकडा वाईट. २००६ च्या अमेरिकी सूचनांत ही रेषा ३३ वर होती. पुढे शरीराचं तापमान उतरवण्याचे उपचार रुळले आणि ३३ ओलांडूनही शुद्धीवर आलेले रुग्ण दिसले. म्हणून जुना आकडा धरून रिपोर्ट वाचू नका. दुसरी मोठी अडचण हेमोलिसिसची, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याची. एनएसई तांबड्या पेशींतही असतं, त्या फुटल्या की मेंदू ठीक असूनही आकडा फुगतो. एक्मोवरच्या (हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रावरच्या) रुग्णात हा धोका जास्त. लॅबकडून हेमोलिसिस इंडेक्स मागून घ्याच. ४८ तासांनंतरही आकडा चढतच असेल, तर ती अधिक काळजीची गोष्ट.

एस-१००बी हे मेंदूतल्या आधारपेशींमधलं प्रथिन. ते लवकर चढतं, लवकर उतरतं आणि चरबी-स्नायूंतूनही येतं. छाती दाबून सीपीआर दिलेल्या माणसात त्यावर किती भिस्त ठेवणार? मी ते वगळेन.

एनएफएल हे चेतातंतूंच्या सांगाड्यातलं प्रथिन. टीटीएम या तापमान-उपचारांच्या वैद्यकीय प्रयोगातल्या रुग्णांच्या नमुन्यांवरचा २०१९ चा अभ्यास पाहा: २४ तासांपासूनच त्याचा अंदाज एनएसई, एस-१००बी आणि टाऊ (चेतापेशींतलं आणखी एक प्रथिन) यांच्यापेक्षा सरस ठरला. हेमोलिसिसने ते फारसं बिघडत नाही. मात्र त्याला अतिसंवेदनशील यंत्र लागतं, शिवाय वय, किडनीचा आजार, जुनी न्यूरोपॅथी (नसांचा आजार) किंवा डिमेन्शिया यांनीही ते वाढतं. तुमची लॅब वेळेत रिपोर्ट देत असेल तर एनएफएल जरूर निवडा.

यांतल्या कुठल्याही एका आकड्यावर व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय घेऊ नये. तसा घेतला तर तो आकडा चुकीचा होता का, हे कधीच कळणार नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख), एसएसईपी (नसेला दिलेला विद्युत संदेश मेंदूपर्यंत पोचतो का याची तपासणी), सीटी किंवा एमआरआय यांच्यासोबतच तो वाचायचा, तोही झोपेच्या औषधांचा असर उतरल्यावर. एनएसई ८० आणि ईईजी चांगला, असं दिसलं तर रक्त पुन्हा पाठवा आणि थांबा.