पाळीच्या तक्रारीवर नऊ महिने आयुर्वेदिक उपचार: माझा अनुभव

मी खानापूर तालुक्यातली, वय 27. पाळी कधी 50 दिवसांनी, कधी 80. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट पट्टा. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांत बारीक गाठी आल्या, म्हणजे पीसीओएस. गाठी म्हटल्यावर आईच्या पोटात गोळाच आला. पण त्या गाठी म्हणजे न पिकता थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात, कॅन्सर नव्हे, हे बेळगावच्या वैद्य मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं.

त्यांच्याकडे जाण्याआधी तीन महिने दुसरीकडे फुकट घालवले. लेबल नसलेल्या पुड्या मिळायच्या. नाव विचारलं तर "पाळी आली न्हवं? मग कशाला विचारतीस?" पुड्या थांबल्या आणि पाळीही थांबली. एक तपासणी केली नाही, याचा राग अजून आहे.

मॅडमनी पहिल्या दिवशी औषधच दिलं नाही. आधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर, आणि लग्न झालेलं असल्यामुळे गरोदरपणाची तपासणी. ती महत्त्वाची, कारण पाळी आणण्यासाठी देतात त्या रजःप्रवर्तिनी वटीत काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला रस), हिंग असतं. दिवस गेलेले असताना ती चालत नाही. मैत्रिणीची बघून दुकानातून आणून खाऊ नका, कळकळीनं सांगते.

मला कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या दोन वेळा, सकाळी अर्धा चमचा बाळंतशेपेचं चूर्ण तुपातून, आणि रजःप्रवर्तिनी फक्त पाळीच्या तारखेआधी काही दिवस. बाळंतशेप ऐकून आजी म्हणाली, "हे तर आमच्या घरातलंच की गे!" मधे आठ दिवस तिळतेलाची मात्राबस्ती, म्हणजे थोड्या तेलाचा एनिमा, झाली. डाव्या कुशीवर झोपवतात, कोमट तेल आत जातं, दुखत नाही. लाज पहिल्याच दिवशी वाटली. रोजची खानापूर-बेळगाव बस कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे शून्य तिकिटावर झाली, नाहीतर आठ दिवस सलग जाणं मला परवडलं नसतं.

खरी कसोटी ताटात होती. आमच्याकडे दोन्ही वेळा भात, वर गोड चहा चार कप. रात्रीचा भात सोडून नाचणीची भाकरी धरली, चहा दोनवर आणला, कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) फक्त सणाला. रोज तळ्यापर्यंत पाऊण तास चालणं. इन्सुलिन नीट काम करत नसलं की बीज पिकत नाही, म्हणून वजनाचा इतका आग्रह. माझं 71 वरून 66 किलोवर आलं. त्यामुळे गुण औषधाचा किती आणि भाकरीचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. उलट गुग्गुळानं छातीत जळजळ झाली, मग जेवणानंतर घ्यायला सांगितलं. तिसऱ्या महिन्यापासून कालनिर्णयावर मी लाल गोल करत गेले. अंतर 58, 47, 41, 36, 34 दिवस असं उतरत आलं. मानेचा पट्टा फिकट झाला. हनुवटीचे केस मात्र तसेच आहेत, त्याबाबत आशा दाखवणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

आणि एक, मॅडमनीच सांगितलेलं. तीन महिने पाळी आली नाही तर काढे पीत घरी बसायचं नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच.

सध्या गुग्गुळ एकच वेळ चालू आहे. पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर.