पहिली चांगली त्सुबा: लोखंडी घ्यावी की शाकुदोची?

या वर्षात तिघांनी मला हेच विचारलं. किरकोळ दोन-चार त्सुबा (जपानी तलवारीच्या मुठीपुढची धातूची चकती) घेऊन झाल्यात, आता साठवलेल्या पैशात एकच पण खरी चांगली घ्यायचीय, तर लोखंडी सुकाशी, म्हणजे आरपार कापून नक्षी काढलेली, घेऊ की शाकुदोवर, म्हणजे सोनं मिसळलेल्या काळ्या तांब्यावर, सोन्याचं काम केलेली? तिघांनाही फोनवर अर्धवट उत्तरं दिली गेली म्हणून आता नीट लिहितो. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि दोन्ही प्रकार स्वतःच्या पैशाने घेऊन घरात सांभाळलेत. जाणकार म्हणवून घ्यायची माझी पात्रता नाही, पण वस्तू रोज घरात असली की जे कळतं ते मला कळलंय.

आधी शाकुदो, कारण पहिल्यांदा जीव जडतो तो तिच्यावरच. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं, आणि तो जांभळट काळा रंग वरून लावलेला नसतो, मुळ्याच्या रसात बुडवून मग रोकुशोच्या, म्हणजे तांब्याच्या क्षारांच्या, पाण्यात उकळून तो धातूच्याच अंगावर आणलेला असतो. कावळ्याच्या पंखावर ऊन पडलं की जी निळसर झाक दिसते ना, तीच. जपानीत या धातूला कावळ्याचं सोनं अशा अर्थाचं दुसरं नाव आहे आणि ते मला एकदम पटतं. त्यावर नानाको, शब्दशः माशाची गाबोळी, म्हणजे पंचाने एकेक ठोकून ओळीत बसवलेले बारीक गोल दाणे. लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, बघितलं तर ओळ कुठे हललेली दिसत नाही, माणसाच्या हाताने हे केलंय यावर विश्वास बसायला वेळ लागतो. शोगुनांच्या पदरी असलेल्या गोतो घराण्याने १५व्या शतकात युजोपासून सुरू करून १७ पिढ्या हे काम केलं (त्यांचा मुख्य जोर तलवारीच्या बाकीच्या साजावर होता: मेनुकी म्हणजे मुठीवरची नक्षी, कोझुका म्हणजे म्यानातल्या छोट्या सुरीची मूठ, कोगाई म्हणजे केस सावरायची सळई; त्सुबा नंतर), मग योकोया सोमिनसारखे लोक त्या दरबारी चौकटीतून बाहेर पडून शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी कोरायला लागले आणि चित्रं मोकळी झाली. माझ्याकडची एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) उत्तरार्धातली होती, सही नव्हती, शेवंतीची फुलं आणि पाकळ्यांच्या टोकांना सोनं. घरी आणली त्या रात्री मी जेवायचं विसरलो होतो.

लोखंडीचं तसं होत नाही. ओवारी किंवा कानायामाची (लोखंडी कामाच्या या दोन जुन्या शैली) त्सुबा पहिल्यांदा बघताना बऱ्याच जणांना त्यात काय बघायचं तेच कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. सोनं नाही, फुलं नाहीत, काळपट तपकिरी चकतीत काही आकार कापून काढलेत, बस. मग महिन्याभराने कधीतरी खिडकीत संध्याकाळचं तिरकं ऊन आलं की मिमीवर, म्हणजे कडेवर, त्या गाठी दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात, लोखंडाची हाडं. घडवताना जिथे लोखंड जास्त कडक राहिलं तिथे कड उंच राहते, बाकीचं शतकानुशतकं झिजतं. नाकागो-आनाच्या, म्हणजे पात्याचा दांडा जातो त्या मधल्या भोकाच्या, टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले असतील तर ती कुठल्यातरी तलवारीवर नीट बसवून घेतली होती हेही कळतं, कधी एकीवरून काढून दुसरीवरही. हिगो प्रांताच्या त्सुबा तर चहासमारंभाच्या वातावरणातून आलेल्या, तिथला आश्रयदाता सरदार होसोकावा सानसाई स्वतः चहाचा आचार्य रिक्यू याचा शिष्य, त्यामुळे तिथे कमीत कमी करून थांबायची एक समज आहे. मला ती फार आवडते, पण हे चवीचं झालं.

सहीबद्दल थोडक्यात. मऊ धातूच्या कामात नावाला किंमत फार, म्हणून खोट्या सह्याही फार, आणि सोमिन लिहिलेलं दिसलं की आधी संशयच घ्यावा. दोन्हींत कागद, म्हणजे तज्ज्ञ संस्थेचं प्रमाणपत्र, असलेली घ्या, होझोन या दर्जाचा पुरेसा आहे. लोखंडीत नोबुइए आणि कानेइए या नामवंत कारागिरांच्या सह्यांचं असंच होतं, पण चांगल्या लोखंडी त्सुबांपैकी कितीतरी बिनसहीच्याच आहेत, त्यामुळे नजर सहीवर न जाता लोखंडावर जाते. ओतीव नकला मात्र लोखंडीत येतात, भोकांच्या आतल्या बाजूला जोडाची रेघ आहे का ते टॉर्च लावून बघा.

आता गंजाचा प्रश्न, कारण भारतातून विचारणारा प्रत्येक जण इथेच अडतो. आमच्याकडे मुंबईत, कोकणात लोखंड टिकणार नाही, मग शाकुदोच सेफ ना? मीही असंच समजत होतो. मी एक लोखंडी त्सुबा मुद्दाम रत्नागिरीला घरी नेली होती, ऐन जुलैत, आणि तीन आठवड्यांत सुकाशीच्या आतल्या कोपऱ्यांत दोन ठिकाणी लाल भुकटी दिसायला लागली. धसका घेतला खरा, पण हाडाच्या तुकड्याने हलक्या हाताने तेवढीच जागा खरवडली, मग जुन्या सुती धोतराच्या कापडाने रोज टीव्ही बघताना पाच-दहा मिनिटं चोळत बसलो आणि महिन्याभरात तो भाग बाकीच्यासारखाच झाला. काळा गंज हा तिचा रंगच आहे, तो राहू द्यायचा, लाल तेवढा काढायचा. तेल, वायर ब्रश, गंज काढायचं लिक्विड यातलं काही नको. म्हणजे लोखंड बिघडतं हे खरंय, पण घरच्या घरी परत वळवता येतं, निदान माझ्या बाबतीत आलं.

शाकुदोचं उलटं. ती गंजत नाही, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो. घेतल्यानंतर सहा-सात महिन्यांनी त्सुयुच्या दिवसांत, म्हणजे इथल्या जूनच्या पावसात, मी डबा उघडला तर शेवंतीच्या बाजूला नानाकोवर एक राखाडी अंगठा उठलेला. माझाच असणार, पहिल्या रात्रीचा. कापडाने पुसून जाईना. धातूचं काम करणाऱ्या एका कारागिराला दाखवली, तो म्हणाला की घामाने वरचा थरच खाल्लाय, काढायचा तर सगळा रंग उतरवून परत चढवावा लागेल आणि त्यात दाण्यांची धार मऊ पडेल, तेव्हा आहे तसंच ठेवा. त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी हातमोजे घालायला लागलो, खाली रेशमी कापड अंथरायला लागलो, आणि कोणी बघायला आलं की माझं पहिलं वाक्य ‘हात लावू नका हं’ असायचं. (चिंच, लिंबू, पितळेची पावडर यातलं काहीही शाकुदोच्या जवळसुद्धा आणू नका, देवाच्या भांड्यांबरोबर चुकून घासली गेली तर संपलंच.)

त्याच वर्षी आई-बाबा आले होते. बाबांचं सगळं आयुष्य लेथवर गेलंय, त्यांना धातू दिसला की ते बघत नाहीत, उचलतात. त्यांनी पँटला हात पुसले आणि शाकुदोची उचलायला गेले. मी म्हटलं, बाबा, जरा थांबा, हातमोजे देतो. त्यांनी हात मागे घेतला, राहू दे म्हणाले, आणि पाठीमागे हात बांधून वाकून लांबूनच बघितली, छान आहे म्हणाले. मग मी लोखंडी हातात दिली तर अर्धा तास खाली ठेवली नाही. अंगठा कडेवरून फिरवत बसले होते, गाठीपाशी आला की थांबायचे. मग म्हणाले, ही कड हातोडीखालची आहे, मशीनवर अशी येत नाही. मला दोन वर्षं पुस्तकं चाळून जे कळलं होतं ते त्यांना बोटाने कळलं.

पुढच्या वसंतात मी शाकुदोची विकली. तोटा नाही झाला, घेणारा मनापासूनचा माणूस होता, त्याच्याकडे नीट कोरडं कपाट होतं, तिथे ती सुखात असेल. त्या पैशात ओवारी पद्धतीची एक सुकाशी घेतली, ती माझ्या टेबलावर असते आणि मीटिंग लांबली की हातात येते.

असं असलं तरी शाकुदो घेऊच नका असं मी म्हणणार नाही. ज्याला चित्र बघायला आवडतं, जो लूप घेऊन तासभर बसू शकतो आणि ज्याच्या घरी लहान मुलं किंवा सारखी येणारी-जाणारी माणसं नाहीत, त्याला ती जो आनंद देईल तो लोखंडातून मिळणार नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तसं असेल तर माझ्या मते त्सुबाऐवजी एखादी कोझुका घ्या, त्याच पैशात कामाचा दर्जा वरचा मिळतो असा माझा अनुभव आहे, आणि पातळ लांबट असल्याने कडेला धरूनही सगळं काम बघता येतं.

घेण्याआधी डोळा तयार करायचा तर तोक्योत र्योगोकूचं तलवारींचं म्युझियम आणि उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. पण तिथे सगळं काचेआड. तोक्योला याल तेव्हा महिन्याच्या पहिल्या-तिसऱ्या रविवारी इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात ओएदो बाजार भरतो का ते बघून सकाळी लवकर जा, आणि दोन्ही प्रकार हातात मागा, ‘सावात्ते मो ई देसु का’ एवढं म्हटलं तरी पुरतं. शाकुदोची देताना दुकानदार आधी खाली कापड अंथरेल आणि कडेला धरा म्हणून दोनदा सांगेल, लोखंडी सरळ तुमच्या तळहातावर ठेवेल.